डाग ओळखा, मग पाणी लावा



आपल्या बहुतेक घरांत एक पांढरी साडी आणि एक पांढरा सदरा जपून ठेवलेला असतो. बुद्धपौर्णिमा असो, चौदा एप्रिल असो, कुणाचा मंगलपरिणय असो की कुणाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, तीच साडी आणि तोच सदरा बाहेर निघतो. रोजच्या वापरातल्या रंगीत कपड्यावर डाग पडला तर तो नक्षीत खपून जातो. पांढरा कपडा मात्र काहीच झाकत नाही. पदरावर कालवणाचा एक थेंब पडला की घरातली बाई म्हणते, "आता ही साडी चारचौघांत नेसायची नाही." आणि ती साडी पेटीच्या तळाशी जाते.

खरे पाहता अशा दहा साड्यांतल्या निम्म्याहून अधिक साड्या वाचू शकतात. त्या डागामुळे वाया जात नाहीत, डागावर घाईघाईत केलेल्या चुकीच्या उपायाने वाया जातात. कुणी उकळते पाणी ओततो, कुणी दगडावर घासतो, कुणी संडास धुण्याचे अ‍ॅसिड लावतो. यात कपडा तर जातोच, कधी कधी हाताची कातडी आणि डोळेही धोक्यात येतात. म्हणून या वेळी आपण डागांचा विचार जरा शिस्तीने करू.

आधी हिशेब मांडू

समजा, साडी आठशे रुपयांची आहे. ती चाळीस वेळा नेसली तर एका वेळेचा खर्च वीस रुपये पडतो. तीच साडी चार वेळा नेसून डागामुळे बाजूला टाकली तर एका वेळेला दोनशे रुपये पडले. महिन्याच्या पगारात किंवा रोजंदारीत बसणाऱ्या संसाराला हा तोटा लहान नाही. आपल्याकडे कपडा कर्जाने, हप्त्याने किंवा दिवाळीच्या बोनसमधून येतो. त्यामुळे डाग काढणे म्हणजे नुसती टापटीप नव्हे, ती घरखर्चातील बचत आहे.

स्वच्छ कपड्याला आपल्या समाजाच्या इतिहासातही स्थान आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. त्यात त्यांनी पोशाखाचा विषय मुद्दाम घेतला आणि वस्त्र फाटके असले तरी चालेल पण ते स्वच्छ असावे, असा आग्रह धरला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक जमले ते पांढरी वस्त्रे नेसून. आपल्या आज्या-पणज्यांनी सोडा, राख, रिठे अशा मिळेल त्या साधनाने ती वस्त्रे स्वच्छ राखली. आपल्याकडे साधने अधिक आहेत. ती कशी वापरायची, एवढेच समजून घ्यायचे आहे.

कोणत्याही डागाआधी चार गोष्टी

पहिली गोष्ट, उशीर नको. ताजा डाग धाग्याच्या वर असतो, जुना डाग धाग्याच्या आत शिरतो. कार्यक्रमात असाल तरी स्वच्छ रुमालाने तो लगेच टिपून घ्या.

दुसरी गोष्ट, चोळू नका, टिपा. चोळल्याने डाग पसरतो आणि कापडाचा पोत उसवतो. कपडा उलटा करून मागच्या बाजूने पाणी सोडा, म्हणजे डाग आला त्याच वाटेने बाहेर जाईल. पुढून पाणी मारले तर तो आणखी आत ढकलला जातो. टिपताना कडेकडून मध्याकडे या.

तिसरी गोष्ट, डाग पूर्ण निघेपर्यंत गरम पाणी आणि इस्त्री दूर ठेवा. उष्णतेने पुष्कळसे डाग कापडात पक्के बसतात. धुतलेला कपडा ओला असतानाच उजेडात धरून पाहा. सावट दिसले तर वाळवू नका, पुन्हा धुवा.

चौथी गोष्ट, कोणताही नवा उपाय आधी आतल्या शिवणीवर किंवा परकराखाली जाणाऱ्या काठावर करून पाहा. रंग सुटला किंवा कापड आकसले तर तिथेच थांबा. सुती, टेरिकॉट, रेशीम आणि लोकर यांना एकच उपाय चालत नाही.

रक्त, दूध, अंडे

हे डाग प्रथिनांचे. अंडे उकळले की पांढरे घट्ट होते ना, तसेच गरम पाण्याने रक्त कापडात घट्ट होते. म्हणून रक्ताला नेहमी थंड पाणी. अर्धा तास थंड पाण्यात भिजवा, पाणी लाल झाले की बदला, मग साबण लावून हलक्या हाताने धुवा. जुना डाग असेल तर थंड पाण्यात थोडे मीठ घालून रात्रभर ठेवा.

पांढऱ्या सुती कपड्यावर तरीही सावट राहिले तर औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडते. ते तीन टक्क्यांचे असावे. बाटलीवर सहा टक्के लिहिले असेल तर तितकेच पाणी मिसळा. थेंब टाकला की रक्तावर फेस येतो. फेस बसला की थंड पाण्याने धुवा. रेशमावर, लोकरीवर आणि कच्च्या रंगाच्या कपड्यावर हे वापरू नका. ज्या धुण्याच्या पावडरीवर एन्झाइम असल्याचे लिहिलेले असते, ती अशा डागांवर चांगली चालते. पण रेशीम आणि लोकरही प्रथिनांचेच धागे आहेत, त्यामुळे ती पावडर त्यांना खाते.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. पाळीच्या डागाच्या भीतीने कित्येक मुली त्या दिवसांत शाळा बुडवतात. गणवेशाचा पांढरा सलवार किंवा फिका परकर, मागे बसलेली मुले आणि शाळेत नीट नसलेले संडास, हे सारे तिच्या डोक्यात असते. आईने मुलीला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. डाग पडला तर तो थंड पाण्याने निघतो, हे एक. आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे दुसरे. दप्तरात एक जास्तीचे पॅड किंवा स्वच्छ कापड आणि गडद रंगाची ओढणी असू द्या. पाळीचे कापड वापरत असाल तर ते साबणाने धुऊन उन्हातच वाळवा. दाराआड, दुसऱ्या कपड्याखाली दडवून वाळवलेले कापड दमट राहते आणि त्यातून त्वचेचे व जननमार्गाचे आजार होऊ शकतात. घरातल्या पुरुषांनी दोरीवरचे ते कापड पाहून तोंड फिरवले नाही, तर मुलीची निम्मी भीती तिथेच जाईल.

हळद आणि कालवण

कालवणाचा डाग हा दोन डागांचा जोड असतो, तेलाचा आणि हळदीचा. आधी तेल काढा, मग रंग. डागावर भांडी घासण्याचे पातळ साबण लावून दहा-पंधरा मिनिटे ठेवा आणि पाण्याने धुवा.

साबण लागताच पिवळा डाग लालभडक होतो आणि बायका घाबरतात. घाबरू नका. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य क्षार लागला की लाल होते. पूर्वी हळदीपासून कुंकू करत, ते याच गुणावर. साबण धुऊन गेला किंवा लिंबाचा रस लागला की तो लाल रंग पुन्हा पिवळा होतो. डाग वाढलेला नसतो, त्याने फक्त रंग बदललेला असतो.

उरलेल्या पिवळ्या रंगावर सर्वांत स्वस्त औषध म्हणजे ऊन. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. पांढरा सुती कपडा ओला असतानाच डागाची बाजू उन्हाकडे करून वाळत घाला. एका दिवसात गेला नाही तर पुन्हा भिजवून दुसऱ्या दिवशी घाला. चाळीत किंवा इमारतीत ऊन येत नसेल तर गच्चीवर दोन तास जागा मिळवा. रंगीत आणि रेशमी कपड्याला मात्र इतके ऊन देऊ नका, त्याचा स्वतःचाच रंग उडेल.

चहा, जांभूळ, डाळिंब, पान

या डागांत टॅनिन असते. टॅनिनच्या ताज्या डागावर साबणाची वडी घासू नका, त्याने डाग पक्का होऊ शकतो. आधी भरपूर थंड पाणी सोडा, मग धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबाचा रस किंवा पांढरा व्हिनेगर लावून धुतल्यास रंग आणखी उतरतो. शेवटचा उपाय म्हणून वर सांगितलेले पेरॉक्साइड. दुधाच्या चहात प्रथिनेही असतात, म्हणून तिथेही सुरुवात थंड पाण्यानेच.

पानाचा डाग कात आणि चुना यांच्या मिलाफाचा. तो हट्टी असतो. लगेच पाणी, मग लिंबू, मग पावडर, असे दोन-तीन वेळा केल्यास फिका पडतो, पूर्ण निघेलच असे नाही. यावर खरा उपाय धुण्यापेक्षा खाण्याच्या बाजूला आहे, हे पान-तंबाखू खाणाऱ्या बंधूंना वेगळे सांगायला नको.

तेल, ग्रीस, काळे वंगण

कारखान्यात, गॅरेजमध्ये, रेल्वेच्या शेडमध्ये, रिक्षावर काम करणाऱ्यांच्या घरी हा रोजचा प्रश्न. तेलाच्या डागावर आधी पाणी लावू नका, कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. डागावर अंगाची पावडर, खडूची पूड किंवा पीठ पसरा आणि अर्धा तास ठेवून झटका. पुष्कळसे तेल त्यात शोषले जाते. मग कोरड्या कपड्यावरच भांड्यांचे पातळ साबण लावा, बोटाने हलके मळा, पंधरा मिनिटांनी कापडाला सोसेल इतक्या कोमट पाण्याने धुवा. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला, म्हणून तेल पाण्याबरोबर वाहून जाते.

टेरिकॉटमधील पॉलिस्टर धागा तेलाला धरून ठेवतो. त्यामुळे सुती कपड्याचा तेलकट डाग एका धुण्यात निघतो, पण टेरिकॉटच्या शर्टाला दोन-तीन वेळा लागतात. कामाचे कपडे घरच्या इतर कपड्यांत भिजवू नका. त्यांची बादली वेगळी ठेवा, नाहीतर वंगणाची काळी झाक मुलांच्या गणवेशावर उतरते.

मेण आणि निळा गुलाल

विहारात मेणबत्ती लावताना पदरावर किंवा बाहीवर मेण सांडणे नेहमीचे. गरम मेण पुसायला जाऊ नका, पसरेल. ते घट्ट होऊ द्या, शक्य असल्यास वर बर्फ ठेवा आणि बोथट चमच्याने खरवडून काढा. मग डागाच्या वर आणि खाली कोरा कागद ठेवून मंद इस्त्री फिरवा. मेण वितळून कागदात उतरते. कागद बदलत राहा. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई साडीवर येईल. इस्त्री दूर ठेवा असे आधी सांगितले, त्याला हा एवढाच अपवाद. रंगीत मेणबत्तीचा रंग मागे राहिला तर त्यावर स्पिरिटचा बोळा टिपा. पांढरा पोशाख असेल त्या दिवशी पांढऱ्याच मेणबत्त्या आणल्या तर हा त्रासच वाचतो.

मिरवणुकीतील निळा गुलाल कोरडा असतो, आणि कोरडा आहे तोवरच तो निघतो. घरी आल्यावर कपडा ओला करू नका. बाहेर नेऊन जोरात झटका, मऊ ब्रशने उरलेली पूड काढा, आणि मगच भरपूर थंड पाण्यात एकटा भिजवा. चिखलाचेही तसेच. ओला चिखल पुसू नका. वाळू द्या, झटका, मग धुवा.

शाई

शाळेत आणि कचेरीत बॉलपेनने खिसा रंगणे ठरलेले. ही शाई पाण्याने जात नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. कोरोनाच्या काळात, म्हणजे २०२० पासून, घरोघरी हातांचे सॅनिटायझर आले, त्यातही तेच स्पिरिट असते. डागाखाली जुन्या सुती कापडाची घडी ठेवा, वरून सॅनिटायझरचे थेंब टाका आणि दुसऱ्या कापडाने टिपा. शाई खालच्या घडीत उतरते. घडी सरकवत राहा, नाहीतर उतरलेली शाई पुन्हा वर चढेल. शेवटी पावडरीने धुवा. स्पिरिट पेट घेते. हे काम शेगडीजवळ, दिव्याजवळ करू नका.

गंज, घाम, पिवळेपणा, बुरशी

साडी पत्र्याच्या पेटीत ठेवली, पेटीचा रंग उडाला आणि पावसाळ्यात दमट हवा लागली की तांबूस गंज साडीवर उमटतो. लोखंडी पिन आणि हूकही हेच करतात. गंजावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात तासभर ठेवा, मग स्वच्छ धुवा. गरज पडल्यास पुन्हा करा. गंजावर ब्लीच लावू नका, त्याने डाग अधिक पक्का होतो. बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तर पांढरे कपडे हळूहळू पिवळट पडतात. अशा पाण्यात ब्लीच घातले तर पिवळेपणा वाढतो. पांढऱ्या कपड्यांचे शेवटचे खळबळणे तरी नळाच्या पाण्याने करावे.

कॉलर आणि काखेतला पिवळेपणा घामाचा आणि अंगातील तेलाचा. खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट किंवा भांड्यांचे पातळ साबण लावून अर्धा तास ठेवा आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने हलके घासा. इथेही ब्लीच उलटे फळ देते.

नीळ घातल्याने कपडा स्वच्छ होत नाही, हेही लक्षात घ्या. निळी झाक पिवळेपणाला झाकते आणि डोळ्यांना कपडा शुभ्र वाटतो. म्हणून आधी साबण पूर्ण निघून जाऊ द्या, मग नीळ. ती पाण्यात नीट ढवळली नाही तर निळे चट्टे पडतात. पडलेच तर साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून काढा.

ठेवणीतल्या साडीला खळ देऊन ठेवू नका. खळीवर कसर येते आणि घडीच्या रेषा पिवळ्या पडतात. कार्यक्रमाच्या आधी खळ द्या, नंतर धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. वर्षातून दोनदा घडी मोडून दुसरी घाला. बुरशीचे काळे ठिपके आले तर झटकून, लिंबू-मीठ लावून कडक ऊन द्या. जुने ठिपके मात्र धाग्यात उतरलेले असतात, ते फिके होतात, जात नाहीत.

न निघणारे डाग

काही डागांपुढे हात टेकावे लागतात. केळीच्या सोपट्याचा चीक, काजूच्या टरफलाचा चीक आणि बिब्बा हे त्यांतले प्रमुख. धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरत, ते तो धुण्याने जात नाही म्हणूनच. बिब्ब्याने कातडीही भाजते. केळीची पाने, सोपटे कापताना जुना कपडा घाला, एवढाच उपाय.

आणखी एक न निघणारा डाग आपल्या परिचयाचा आहे. मतदानाची शाई. म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात ती तयार होते आणि १९६२ च्या निवडणुकीपासून देशात वापरली जाते. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट उजेडात काळे पडते आणि साबणाला दाद देत नाही. तेव्हा मतदान करून निघताना बोट वाळेपर्यंत पदराला आणि सदऱ्याला लावू नका. बोटावरचा तो डाग मिरवावा, कपड्यावर नको.

निघणार नाही असे कळले तर कपडा टाकू नका. डागावर छोटी वेल किंवा फूल भरा, तिथे खिसा शिवा, काठाची पट्टी लावा, नाहीतर साडी गडद रंगात रंगवून घ्या. सुती साडी चांगली रंगते. तेही नको असेल तर लहान मुलीचा परकर आणि बाळाची दुपटी त्यातून निघतात.

जिवावर बेतणाऱ्या गोष्टी

हा भाग कृपया घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

ब्लीच आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. दोन्ही मिसळले की क्लोरिन वायू सुटतो. तो विषारी आहे. डोळे, घसा आणि फुप्फुसे भाजतात. बंद मोरीत तर माणूस कोसळू शकतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबूही नको, आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव्यही नको. चुकून मिसळले तर तिथून लगेच बाहेर पडा, दार-खिडकी उघडी राहू द्या, मोकळ्या हवेत या. खोकला किंवा धाप लागली तर थेट दवाखाना गाठा.

ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कपड्याला, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घालून. रेशीम, लोकर, नायलॉन यांना ते जाळते. पेट्रोलने डाग काढू नका. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या शेगडीपर्यंत जाऊन पेट घेते. गंज काढायला मिळणारे ऑक्झॅलिक आम्ल विष आहे, मुले असलेल्या घरात ते नको. यातले कोणतेही द्रव्य थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. मुले तहानेने तीच बाटली तोंडाला लावतात.

दुसऱ्यांचे डाग धुणाऱ्या भगिनी

आपल्या वस्तीतल्या अनेक भगिनी दुसऱ्यांच्या घरी धुणे-भांडी करतात. तिथे डाग निघाला तर कुणी शाबासकी देत नाही, आणि निघाला नाही तर बोल लागतो. कधी पगारातून पैसे कापण्याची भाषाही होते. त्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. कपडा पाण्यात टाकण्यापूर्वी डाग मालकिणीला दाखवावा आणि तो कशाचा आहे हे विचारावे. इस्त्री फिरलेला जुना डाग पूर्ण निघणार नाही, हे धुण्यापूर्वीच सांगावे, धुतल्यानंतर सांगितले तर ती सबब ठरते. आणि ब्लीच किंवा अ‍ॅसिड वापरायला सांगितले तर हातमोजे मागावेत, मोरीची खिडकी उघडी ठेवावी. हातमोजे मागणे म्हणजे नखरा नव्हे, तो आपला हक्क आहे. जी बाई रक्ताला थंड पाणी आणि तेलाला आधी पावडर असे ठामपणे सांगते, तिच्याशी बोलताना समोरचाही आवाज खाली आणतो. माहिती असलेल्या कामगाराला डावलणे सोपे नसते.

घरात एक डबा

शेवटी एक छोटे काम. एका डब्यात अंगाची जुनी पावडर, मिठाची पुडी, खाण्याचा सोडा, स्पिरिट किंवा सॅनिटायझरची लहान बाटली, भांड्यांचे पातळ साबण, दात घासण्याचा जुना ब्रश, बोथट चमचा आणि पांढऱ्या सुती कापडाचे चार तुकडे ठेवा. लिंबू स्वयंपाकघरात असतेच. पेरॉक्साइड लागेल तेव्हाच आणा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. डब्याच्या झाकणाआत कागद चिकटवून मोठ्या अक्षरात लिहा: रक्ताला थंड पाणी. तेलाला आधी पावडर. हळदीला साबण आणि ऊन. बॉलपेनला स्पिरिट. गंजाला लिंबू-मीठ. गुलाल झटका, मग भिजवा. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र नको.

हा कागद घरातल्या मुलाकडून लिहून घ्या, आणि डाग पडला तर तो काढायलाही त्यालाच बसवा. धुणे हे आईचे आणि बहिणीचेच काम आहे, अशी समजूत तिथून सैल होऊ लागते. सदरा ज्याचा, त्याने निदान त्याची कॉलर तरी स्वतः घासावी.

पुढचा कार्यक्रम जवळ आला असेल. आज सवड काढून पेटी उघडा आणि तळाशी गेलेली ती पांढरी साडी बाहेर काढा. डाग कशाचा होता ते आठवा, आणि त्याप्रमाणे सुरुवात करा.